थोरल्या-धाकट्याची वायर

रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी औशात माझी ओळख ‘वायरवाल्या बाई’ अशीच आहे. माझ्या सख्ख्या जावेला अजून वाटतं की मी घरोघर केबल टीव्ही जोडून द्यायचे. प्रत्यक्षात लातूर आणि नांदेडला मी सव्वीस वर्षं नेटवर्कचं काम केलं. कॉलेजं, दवाखाने, डाळमिला, एकदा तर एक मंगल कार्यालयसुद्धा. कुठंही गेलं की दारावरचा माणूस आधी माझ्या मागं बघायचा आणि विचारायचा, "सर मागून यायलेत का?" सर नाहीत, मीच, असं सांगितलं की तो शिडी आणून द्यायचा. धरायला मात्र थांबायचा नाही. बाई पडल्या तर आपल्या अंगावर नको.

हे काम बाहेरच्या माणसाला सांगायचं तर असं आहे. मोठ्या इमारतीत शेपाचशे कॉम्प्युटर असतात. त्यांच्या वायरी मजल्यामजल्यावरच्या एकेका चपट्या लोखंडी पेटीत येतात. त्या पेटीला स्विच म्हणतात, पण दिव्याच्या बटणाशी त्याचा काही संबंध नाही. या पेट्या एकमेकींना वायरीनं जोडल्या की झालं नेटवर्क. आणि या पेट्यांना एक फार चांगली सवय असते. दर तीस सेकंदांनी प्रत्येक पेटी शेजारच्या पेटीला आपण होऊन सांगते, की माझं नाव अमुक, मी अमुक बनावटीची आणि माझ्या अमुक भोकातून तुझ्याशी बोलते आहे. शेजारची पेटी ते आपल्या यादीत लिहून ठेवते. ऐकलेलं पुढं तिसरीला सांगत नाही. चुगली नाही, हा नियम. आणि दोन मिनिटं शेजारणीचा आवाज आला नाही, तर तिचं नाव यादीतून खोडून टाकते. दुखवटा वगैरे काही नाही.

आमच्यासारख्यांना ही यादी म्हणजे फार मोठा आधार. नकाशा कुणीच काढून ठेवलेला नसतो. मग पहिल्या पेटीला विचारायचं, तुझे शेजारी कोण? मग त्या शेजाऱ्याकडं जायचं, त्याला विचारायचं, तुझे कोण? अनोळखी गावात पत्ता विचारत जावं तसं. पेटीला नाव मात्र माणसानं द्यावं लागतं. बहुतेक लोक ‘पहिला मजला’, ‘दुसरा मजला’ अशी नावं देतात. कंटाळवाणी असतात, पण घात करत नाहीत.

गुंडप्पांनी तसं केलं नव्हतं.

हे गुंडप्पा म्हणजे नांदेडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलातले जुने तंत्रज्ञ. गाव मुखेडजवळचं. हॉस्पिटलातलं सगळं नेटवर्क त्यांनी एकट्यानं उभं केलं होतं. मी त्यांना तोवर पाहिलेलं नव्हतं. मी त्या दिवशी नांदेडातच एका कॉलेजात काम करत होते. पौषातली कडाक्याची थंडी. सकाळी नऊला हॉस्पिटलच्या प्रशासकांचा, पाटील साहेबांचा फोन आला.

"मॅडम, लगेच या. आमच्या दोन इमारती एकमेकींशी बोलेनात."

मी गेले तर इमारती बोलत नव्हत्या, पण माणसं बोलत होती. हॉस्पिटलची जुनी इमारत आणि नवी इमारत यांच्यामध्ये आठ फुटांची एक बोळ आहे. रक्त तपासणी आणि एक्स-रे जुन्या इमारतीत, वॉर्ड आणि ऑपरेशन नव्या इमारतीत. एरवी रिपोर्ट कॉम्प्युटरवरून इकडचा तिकडं जातो. आज तो रस्ता बंद होता, म्हणून पाटील साहेबांनी तोडगा काढला होता. जुन्या इमारतीच्या खिडकीत लॅबचा माणूस, समोरच्या खिडकीत नर्स. लॅबचा माणूस ओरडत होता, "वॉर्ड तीन, खाट सात, शुगर तीनशे दहा!" नर्स विचारत होती, "तीनशे दहा का दोनशे दहा?" आणि खाली बोळीच्या तोंडाशी चहाच्या गाडीवर उभी असलेली माणसं सांगत होती, "तीनशे, तीनशे! लिवा, सिस्टर!" त्यातला एक जण कपाळाला हात लावून म्हणाला, "तीनशे? म्हंजे आपला गणपतमामा. आन् काल पेढे खाल्ले त्यानं."

एक्स-रे मात्र ओरडून सांगता येत नव्हता. लोहा गावचे एक आजोबा मांडीचं हाड मोडून आलेले. कालपासून ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेले. आता फिल्म काढायची पद्धत राहिली नाही, चित्र थेट ऑपरेशनच्या टेबलाशेजारी पडद्यावर लागतं. आज ते लागत नव्हतं. एकानं मोबाईलवर फोटो काढून नेला, तर त्यात फ्लॅशचा असा गोल उमटला होता की नवशिक्या डॉक्टरला हाडाला भोक दिसलं. मोठे डॉक्टर म्हणाले, चित्र आल्याशिवाय मी हात लावणार नाही.

मी पेटी शोधत वॉर्डातून चालले होते, तेवढ्यात त्या आजोबांच्या मुलीनं मला गाठलं. माझ्या हातात वायरीचं भेंडोळं.

"बाई, आमच्या दादांच्या पायात घालायची वायर ती हीच का?"

कुणीतरी तिला सांगितलं होतं की वायर नाही म्हणून ऑपरेशन थांबलंय. मी तिला समजावून सांगणार होते, पण आजोबांनीच उशीवरून मान उचलली. "जाडी हाय की. चांगली टाका, बाई. मला नांगर धरायचा हाय."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पेट्यांमध्ये काय चाललंय ते फक्त बघायचा एक पासवर्ड असतो आणि त्यात बदल करायचा दुसरा. बघायचा पासवर्ड रिसेप्शनच्या कॅलेंडरवर लिहिलेला होता. तो घेऊन मी जुन्या इमारतीच्या पेटीला लॅपटॉप जोडला. नाव आलं: थोरला. शेजाऱ्यांच्या यादीत अज्जा, मामी, आणि एक जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेच्या भोकावर गुंडप्पांनी इंग्रजी अक्षरांत मराठी टीप लिहून ठेवली होती, ‘आत्याकडे’. मग नव्या इमारतीत गेले. तिथल्या पेटीचं नाव धाकटा. त्याच्याही यादीत एक जागा रिकामी, तिथं टीप, ‘आत्याकडून’.

म्हणजे थोरला आणि धाकटा समोरासमोरच्या खिडक्यांत बसलेले, मध्ये आठ फुटांची बोळ, पण दोघांमध्ये वायर नाही. थोरल्याचा निरोप आधी आत्याकडे जायचा आणि मग आत्याकडून धाकट्याला. आता आत्या गप्प झाली होती. पण आत्या होती कुठं?

मी दारावरच्या शिपायाला विचारलं, "इथं आत्या कुठं आहे?"

"कुणाची?"

"गुंडप्पांची."

त्यानं फार गंभीरपणे रजिस्टर उघडलं. "कवा ॲडमिट झाल्या?"

कँटीनवाल्यानं सांगितलं, आत्या न्हाई, मावशी हाय, भांडी घासायलीय. शेवटी मी थोरल्यातून निघणारी ती एक वायर हातात धरली आणि तिच्यामागं चालत सुटले. खिडकीतून बाहेर, पाण्याच्या टाकीवरून, मैदान ओलांडून, थेट नर्सेसच्या होस्टेलात. जिन्याखालच्या खोलीत आत्या सापडली. तिच्या अंगावरून पांढरं काहीतरी ओघळून वाळलं होतं. मी बोट लावून वास घेतला. आंबूस.

होस्टेलच्या वॉर्डन सुशीलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "पीठ फुगतच नव्हतं हो, मॅडम. थंडी किती! ही पेटी कशी बाई, कायम गरम असते. दोन वर्षं झाली, हिवाळ्यात इडलीचं पीठ हिच्यावरच ठेवते. कधी काही झालं नाही. कालचे उडीद नवे होते."

नव्या उडदांनी घात केला होता. पीठ पातेल्याबाहेर येऊन पेटीच्या हवेच्या फटींतून आत उतरलं होतं. सुशीलाबाईंनी उरलेल्या पिठाच्या इडल्या मात्र केल्या होत्या आणि मला बशीत आणून दिल्या. मी खाल्ल्या. खोटं कशाला सांगू, हलक्या झाल्या होत्या.

मला वाटलं, काम सोपं आहे. माझ्याकडची जादा पेटी आत्याच्या जागी बसवली. पण थोरला आणि धाकटा दोघांनीही तिला दारात उभं केलं नाही. गुंडप्पांनी बंदोबस्त करून ठेवला होता, अनोळखी तोंड दिसलं की ते भोकच बंद. कामाच्या दृष्टीनं हे उत्तम होतं. मी स्वतः इतकं नीट कधी केलं नसतं. म्हटलं, मग आत्या बाजूला ठेवू आणि खिडकीतून खिडकीत सरळ वायर टाकू. तर रिकामी भोकंही त्यांनी कुलूपबंद केलेली. बदल करायच्या पासवर्डाशिवाय पुढं काही होणार नव्हतं.

"गुंडप्पांना फोन लावा," मी पाटील साहेबांना म्हटलं.

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. "ते आमचा फोन उचलत नाहीत. निरोप समारंभाला मानपत्र दिलं, त्यावर प्रेसवाल्यानं ‘गुणवंतअप्पा’ छापलं. ते मानपत्र टेबलावरच ठेवून ते निघून गेले."

तेव्हा मुखेडकडं मीच निघाले. हॉस्पिटलची जीप गॅरेजात होती, म्हणून साहेबांनी मला अँब्युलन्स दिली. मी नको म्हणत होते. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला पुढं कुणी बसलं की सायरन वाजवायची सवय. गावाच्या वेशीत शिरताना त्यानं तो वाजवलाच.

गाव गोळा झालं. गुंडप्पांचं घर कुठलं, असं विचारल्याबरोबर बायकांनी पदर तोंडाला लावले. आम्ही घरासमोर थांबलो. एकच मोठं अंगण, मध्ये कमरेएवढी भिंत, दोन बाजूंना दोन ओसऱ्या. डाव्या ओसरीतून एक उंच म्हातारा धावत आला, कपाळाला भस्माचे पट्टे, अंगावर गोणपाट. उजव्या ओसरीतून तसाच, जरा ठेंगणा म्हातारा धावत आला. त्याच्याही कपाळाला भस्म, अंगावर गोणपाट. डावा ओरडला, "काय झालं त्याला?" त्याच क्षणी उजवा ओरडला, "काय झालं त्याला?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. दोघंही धडधाकट. दोघं एकही शब्द न बोलता फिरले आणि आपापल्या ओसरीत जाऊन बसले.

मी डावीकडं गेले. तेच गुंडप्पा. मी सगळं सांगितलं, इडलीच्या पिठापासून लोह्याच्या आजोबांपर्यंत. ते ऐकून घेत होते. आत्याचं ऐकून तेवढे कळवळले. "आत्याच्या अंगावर पीठ?" मग म्हणाले, "ताई, थोरल्यातून धाकट्याला सरळ वायर मी मुद्दाम टाकली न्हाई."

"का हो, अण्णा?"

त्यांनी भिंतीपलीकडं हनुवटी केली. पलीकडचा म्हातारा म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, शिवलिंग. अकरा वर्षांपूर्वी शिवलिंगच्या मुलीचं लग्न निघालं. पत्रिका छापली. गुंडप्पा मुलीचे थोरले काका, त्यांचं नाव निमंत्रकांत सगळ्यांत वर पाहिजे. ते छापून आलं खाली, ‘व्यवस्थापक’ म्हणून, मंडपवाला आणि गल्लीतल्या मित्रमंडळाच्या मधोमध. शिवलिंग म्हणाला, प्रेसवाल्याची चूक. गुंडप्पा म्हणाले, प्रेसवाल्याला यादी कुणी दिली? त्या दिवसापासून बोलणं बंद. मध्ये फक्त त्यांची आत्या. दोघांच्या बापाची बहीण, नव्वदीला टेकलेली. अंगणातून हा म्हणणार, "आत्या, त्याला सांग, मोटर बंद कर म्हणून." तो दहा फुटांवर ऐकत उभा. पण आत्यानं "मोटर बंद कर रं" म्हटल्याशिवाय तो बटणाला हात लावणार नाही.

"घरात जे चालतं, ते तिथं लावलं," गुंडप्पा म्हणाले. "चांगलं चाललं की धा वर्षं."

मी पासवर्ड मागितला.

"वहीत हाय. वही मधल्या खोलीत. मधल्या खोलीला दोन कुलपं. एक किल्ली माझ्याकडं, एक त्याच्याकडं. आत्या आठ दिसांमागं देगलूरला गेली लेकीकडं, डोळ्याच्या आपरेशनला. जाताना तिनं खोली बंद केली, दोघायच्या हातात एकेक किल्ली दिली आन् गेली."

"मग भावाला किल्ली आणायला सांगा ना."

"कोण सांगंल?"

मी कमरेएवढ्या भिंतीला वळसा घालून उजव्या ओसरीवर गेले. सरळ ओलांडता आली असती, पण ते बरं दिसलं नसतं. शिवलिंगनं मला बसायला पाट दिला. मी किल्लीचं सांगितलं.

"देतो की, ताई. पर आधी माझे निरोप त्याला द्या. आठ दिसांचे साचल्यात." त्यांनी कॅलेंडरचा उलटा कागद पुढं केला. त्यावर एकाखाली एक निरोप लिहिलेले. मी तो घेऊन पुन्हा वळसा घालून डावीकडं आले आणि वाचायला सुरुवात केली. मी सव्वीस वर्षं लोकांचे निरोप वायरीतून पाठवले, पण तोंडानं कधी पोचवले नव्हते.

"तुमचं दळण गिरणीत पडलंय. चार दिवस झाले."

"त्याला सांगा, माहीत हाय."

"तुमचा चष्मा विहिरीच्या कठड्यावर सापडला. त्यांनी जपून ठेवलाय."

गुंडप्पांनी इतका वेळ मला डोळे बारीक करून का पाहिलं, ते आत्ता कळलं. "त्याला म्हणावं, पाठव."

मी उजवीकडं गेले, चष्मा आणला. पुढचा निरोप. मोटरीची वेळ. मग दूधवाल्याचा. मग कुठल्याशा पाहुण्याच्या मयतीला कुणी जायचं त्याचा. ड्रायव्हर आणि निम्मं गाव अंगणाबाहेर उभं राहून ऐकत होतं. मी वळसे घालून घालून दमले. शेवटी भिंतीजवळ मध्यावर उभी राहिले आणि एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं तोंड करून बोलायला लागले. पाठीमागून एक बाई म्हणाली, "आत्याबी हितंच उभी ऱ्हायते."

शेवटचा निरोप होता, "तीन दिवसांपासून खोकतोस. काढा घे. नाहीतर डॉक्टरला दाखव."

गुंडप्पांनी आलेला चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "त्याला सांगा, तूबी खोकायलास. मला ऐकू येतं."

मी सांगितलं. शिवलिंग उठले, कनवटीची किल्ली काढली. गुंडप्पाही उठले. दोघं मधल्या खोलीपाशी आले, शेजारी शेजारी उभे राहिले, समोर बघत. एकानं आपलं कुलूप काढलं, दुसऱ्यानं आपलं. कडी दोघांनी मिळून सरकवली, ती गंजली होती.

मी वहीसाठी पुढं झाले. वहीकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. दोघंही कोपऱ्यातल्या लाकडी पेटीवर तुटून पडले. पेटीत घडी घालून ठेवलेली दोघांची पांघरुणं होती. जाड वाकळा, घोंगड्या, कानटोप्या, सगळं. आत्यानं जाण्याआधी दोन्ही घरांतलं उबेचं सगळं गोळा करून त्या खोलीत कोंडलं होतं आणि कुलपं लावली होती. आपण नाही म्हटल्यावर दोघांना बोलावंच लागेल, असा तिचा हिशोब. तो चुकला होता. आठ दिवस पौषाच्या थंडीत दोन म्हातारे गोणपाट पांघरून झोपले, खोकले, पण किल्ली आण असं एकानंही दुसऱ्याला म्हटलं नाही.

शिवलिंग आपली वाकळ काखेत मारून निघून गेले. गुंडप्पा कानटोपी घालून ओसरीवर बसले आणि त्यांनी समाधानानं डोळे मिटले.

"अण्णा, वही?"

"वहीत काय न्हाई, ताई. पासवर्ड डोक्यात हाय. इसरतो का कुणी? पर खोली उघडायला कुणीतरी तिसरं माणूस पायजे व्हतं."

मी संतापले. तिकडं आजोबा उपाशी पडलेत, इथं मी तासभर वळसे घालते आहे. तसं मी त्यांना बोललेही. गुंडप्पांनी खाली मान घातली. "चला," म्हणाले, "मी येतो. फोनवर सांगायचं काम न्हाई ते." आणि वाकळ पांघरूनच अँब्युलन्समध्ये चढले. सायरन वाजला. वेशीपर्यंत बायका रडत होत्या.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. गुंडप्पा थोरल्याच्या पेटीसमोर बसले. मी म्हटलं, "अण्णा, आत्याचं मी नंतर बघते. आत्ता हे दोघं सरळ जोडू."

"न्हाई. नवी आत्या बसवा. मी तिची वळख करून देतो दोघायला."

"त्याला दोन तास लागतील."

"लागू द्या."

तेवढ्यात बाजूच्या खिडकीतून लॅबचा माणूस ओरडला. दिवसभर ओरडून त्याचा घसा बसला होता. "खाट चौदा! हिमोग्लोबिन सात!" पलीकडून नर्सनं विचारलं, "काय? साठ?" तो पुन्हा ओरडायला गेला, तर नुसती हवा आली. बोळीतली चहावाली मंडळीही आता घरी गेली होती. सांगायला कुणी नव्हतं. लॅबचा माणूस खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून सात बोटं दाखवायला लागला, आणि दोन हातांची सात बोटं गजांच्या एका फटीतून दाखवता येईनात.

गुंडप्पा ते बघत राहिले. मग खिडकीशी गेले आणि बोळीत डोकावले. जणू अंतर पहिल्यांदाच मोजत होते.

"टाका," ते म्हणाले. "पर तात्पुरती."

सलाईन अडकवायचा दांडा घेतला, त्याच्या टोकाला वायर बांधली आणि मी ती समोरच्या खिडकीत सरकवली. नर्सनं धरली. गुंडप्पांनी आधी पलीकडं जाऊन धाकट्यात आणि मग येऊन थोरल्यात पासवर्ड टाकला. टाकताना मला पाठ करून बसायला लावलं, ते वेगळं. दोन्ही भोकं उघडली. आम्ही पडद्याकडं बघत बसलो. हे तीस सेकंद मी आयुष्यात हजारदा मोजले आहेत, पण शेजारी वाकळ पांघरलेला माणूस श्वास रोखून बसलेला कधी नव्हता. थोरल्याच्या यादीत एक ओळ वाढली: धाकटा.

"बोलायलेत?" गुंडप्पांनी विचारलं.

"बोलायलेत."

त्यांनी भावाकडून आलेला तो चष्मा काढला, वाकळीच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला आणि ती ओळ परत एकदा वाचली. मग म्हणाले, "जाऊ मी? शेवटची एसटी गाठायची हाय."

संध्याकाळी आजोबांचं ऑपरेशन झालं. नीट झालं. चार महिन्यांनी ते दाखवायला आले तेव्हा मी तिथंच होते. त्यांनी चालून दाखवलं आणि आजूबाजूच्या सगळ्यांना सांगितलं, "डाक्टरनं फाडलं, पर वायर या बाईनं टाकली."

ती तात्पुरती वायर अजून तिथंच आहे. नावं मात्र राहिली नाहीत. पुढच्या वर्षी पाटील साहेब म्हणाले, तपासणीला बाहेरची माणसं येतात, आत्या-मामी बरं दिसत नाही. मीच माझ्या हातांनी थोरल्याचं नाव ‘ओबी एक’, म्हणजे ओल्ड बिल्डिंग, आणि धाकट्याचं ‘एनबी एक’, म्हणजे न्यू बिल्डिंग, असं केलं. नियमाला धरूनच होतं. पण या सव्वीस वर्षांत एखादं काम करायला नको होतं असं वाटत असेल, तर ते हेच. गुंडप्पांना मी सांगितलेलं नाही.

ती वायर टाकल्यानंतर आठवड्यानं मला देगलूरहून फोन आला होता. पलीकडं गुंडप्पांच्या खऱ्या आत्या, माझा नंबर हॉस्पिटलातून मिळवलेला. फार मोठ्यानं बोलत होत्या. "बाई, नजर आली, पर कान गेले. मला आता त्या दोघायचं ऐकू यीना. तुजा नंबर मी दोघायला दिलाय." मी काही म्हणायच्या आत त्यांनी फोन ठेवला. ठेवला नसता तरी माझं ऐकू आलंच नसतं.

तेव्हापासून ते दोघं मला फोन करतात. मी मीटिंगमध्ये असो, शिडीवर असो, निरोप घ्यायचा आणि दुसऱ्याला द्यायचा. सुरुवातीला राग यायचा. नंतर एकदा आठ दिवस कुणाचाच फोन आला नाही, तर मीच अस्वस्थ होऊन गुंडप्पांना लावला. "काय न्हाई," ते म्हणाले, "बोलण्यासारखं काय झालं न्हाई."

परवा सकाळी शिवलिंगचा फोन आला. बोलताना धाप लागत होती. "ताई, त्याला सांगा, म्हैस व्याली. रेडी झाली. लई अवघड गेलं, पर दोघी बी बऱ्या हाईत."

मी लगेच गुंडप्पांना फोन लावला आणि निरोप जसाच्या तसा दिला.

"माहीत हाय," गुंडप्पा म्हणाले. त्यांनाही धाप लागली होती. "पहाटेपासून मीच धरली व्हती म्हशीला. त्यानं रेडी वढली. आता हात धुवायलोत दोघं, एकाच बादलीत."

"अहो, मग मला कशाला फोन करायला लावलात?"

पलीकडं पाणी ओतल्याचा आवाज आला. "त्याला सांगा," गुंडप्पा म्हणाले, "चांगली वढलीस म्हणून."

गुंडप्पांचा फोन चालूच ठेवून मी घरातल्या दुसऱ्या फोनवरून शिवलिंगना लावला. त्यांचा फोन वाजला, आणि तो मला गुंडप्पांच्या फोनमधूनही ऐकू आला.